चार वाजताचा चौकोन

१

बुधवारी दुपारी तीन वाजता रोवेनाने चादरींच्या कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा बाहेर काढला आणि ती तिथेच थबकली. डबा हलका लागत होता. झाकण उघडून तिने तो माझ्यापुढे धरला. आत काहीच नव्हतं.

"अडतीस प्रश्नावल्या होत्या, मॅम," ती म्हणाली. "एक वाजता मी स्वतः मोजून कुलूप लावलं होतं."

रोवेना साल्सेदो माझी जुनी विद्यार्थिनी; या वॉर्डातल्या बहुतेकांना नर्सिंग मीच शिकवलं आहे. आता ती नर्सिंग कॉलेजात शिकवते. गेले चार महिने आमच्या सान रोके रुग्णालयात ती एक अभ्यास करत होती. नर्स किती दमतात आणि त्यांच्या दमण्याने रोग्यांच्या देखभालीत काय फरक पडतो, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी तिने प्रश्नावली वाटली होती. प्रश्न साधेच होते. सलग किती तास झोपलात? बसून शेवटचं कधी जेवलात? आणि नववा प्रश्न असा: गेल्या महिन्यात रोग्याला न तपासता तक्त्यातला चौकोन किती वेळा भरलात? कागदावर नाव लिहायचं नव्हतं, म्हणून लोकांनी खरं लिहिलं होतं.

ते कागद डब्यात नुसते अभ्यासासाठी पडून राहिले असते तर गोष्ट वेगळी होती. पण दहा दिवसांपूर्वी पुरुषांच्या वॉर्डात तियो सिमोन नावाचा रोगी गेला. अबाकाच्या वाखाचे दोर वळणारा एकसष्ट वर्षांचा माणूस, पोटातल्या जखमेतून रक्त जात होतं. पहाटे चार वाजता त्याचा रक्तदाब ठीक आहे असं तक्त्यावर लिहिलं होतं आणि सहा वाजून दहा मिनिटांनी तो मेला होता. त्या चौकोनाखाली जेसा अब्रासाल्दो हिची आद्याक्षरं होती. जेसा सव्वीस वर्षांची. तिला घरी बसवलं होतं. शुक्रवारी दहा वाजता चौकशी होती, आणि एकट्या तिचं नाव मनिलाला परवाना मंडळाकडे गेलं असतं तर तिचं नर्सपण कायमचं संपलं असतं.

एकट्या पोरीचा हा दोष नाही, सगळा वॉर्डच थकून असे चौकोन भरतो आहे, हे दाखवणारी एकच गोष्ट होती. ती म्हणजे तो डबा.

"चूक माझी आहे," रोवेना म्हणाली. "दोघींचे कागद यायचे होते म्हणून मी डबा वॉर्डातच ठेवला."

मी डबा उजेडात धरला. झाकणावरची कागदी पट्टी फाटलेली होती आणि तिच्यावर तपकिरी, तेलकट बोटांचे ठसे होते. मी वास घेतला. सोया आणि कालामान्सी लिंबू.

तो वास मला ओळखीचा होता, कारण त्या पदार्थाची परात सकाळी मीच घेऊन आले होते.

२

त्या दिवशी हेड नर्स कोन्चिंगचा अठ्ठावन्नावा वाढदिवस होता. वाढदिवसाला पान्सित हवंच. लांब शेवया म्हणजे लांब आयुष्य. मी बातो गावाहून शेवया आणून घरी परतल्या आणि दीड वाजता नर्सांच्या टेबलावर वाढायला उभी राहिले.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आमच्याकडे कुठलीही नर्स ड्यूटीवर चढण्याआधी पान्सितला हात लावत नाही. शेवई जितकी लांब, तितकी त्या पाळीत रोग्यांची रांग लांब. हे खरं मानता का, असं विचारलंत तर सगळे हसतील, पण खाणार मात्र कुणी नाही. त्यामुळे दोन वाजता ज्यांची पाळी संपत होती त्या दोघी पोटभर जेवल्या. दोन वाजता चढणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांनी नुसता भाताचा केक उचलला. काटे कमी पडले, तेव्हा खाणारे कागदी ताटली वाकवून सरळ तोंडाला लावत होते आणि सगळ्यांची बोटं तेलाने माखली होती.

म्हणजे डबा उघडणाऱ्याने पान्सित खाल्लं होतं. कपाटाच्या किल्लीने काही कळणार नव्हतं. ती सेन्योर सान रोके या संताच्या तसबिरीमागे खिळ्याला असते आणि हे वॉर्डातल्या रोग्यांनासुद्धा ठाऊक आहे.

घरी जाणाऱ्या दोघी दोनपर्यंत माझ्यासमोर जेवत होत्या आणि पुढे तीनपर्यंत खाटाखाटांपाशी उभ्या राहून पाळी सोपवत होत्या. चौतीस रोगी त्याचे साक्षीदार. मग माझ्या डोळ्यांसमोर आली कोन्चिंग. ती पाऊण तास माझ्याशेजारी गुडघ्याचं दुखणं सांगत बसली होती, पण मध्ये दहा मिनिटं उठून गेली होती.

मी तिच्या खोलीत गेले. कुठे गेली होतीस, असं विचारलं. ती म्हणाली, चॅपलमध्ये. वाढदिवसाला मेणबत्ती लावायला का, तर नाही. तियो सिमोनसाठी. गेले दहा दिवस ती रोज एक लावत होती.

"तू का मेणबत्ती लावायची?" मी म्हणाले. "तू त्या पहाटे घरी होतीस."

कोन्चिंगने खिडकीकडे पाहिलं. मग हळूहळू एकेक सांगत गेली. नऊ वर्षं ती हा वॉर्ड सांभाळते आहे. चौतीस खाटांना एकच नर्स असताना दर दोन तासांनी सगळ्यांचा रक्तदाब कुणी घेऊ शकत नाही, हे तिला पहिल्या महिन्यात कळलं होतं. पण पाहणीला येणारे चौकोन मोजतात, म्हणून तिने कधी विचारलं नाही. ओळीने भरलेले तक्ते ती खाली सही करून पुढे पाठवत राहिली. चार महिन्यांनी निवृत्त व्हायचं, नाव चांगलं राहावं, एवढंच.

"मग कागद तू घेतलेस?"

"घेतले असते, मॅम. मनात आलंही होतं. प्रत्येकाचं अक्षर मी ओळखते, नऊ वर्षं वाचते आहे. त्या डब्यात माझ्याबद्दल कोण काय लिहितं ते मला चौकशीत नको होतं वाचायला." ती थांबली. "पण मी घेतले नाहीत. आणि आता रागावू नका. रिकामा चौकोन म्हणजे अख्ख्या वॉर्डाची लाज, शेजारणीचा राहिला असेल तर तोही आपलाच समजा, हे वाक्य कुणाचं?"

ते वाक्य माझं होतं. एकतीस वर्षं, दर जूनमध्ये, नव्या वर्गासमोर मी ते फळ्यावर लिहीत आले होते.

३

जेसा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. घरी बसवलेलं असूनही ती कोन्चिंगला शुभेच्छा द्यायला आली होती आणि मी पान्सित पुढे केलं तेव्हा तिने मान हलवली होती. "राहू दे, मॅम," एवढंच म्हणाली होती. ड्यूटी नसलेल्या मुलीला पान्सित खायला काय हरकत? पण ते खाणं म्हणजे आपण आता नर्स नाही हे कबूल करणं झालं असतं. तिच्या हाताला तेल लागलेलं नव्हतं हे मला आधीच माहीत होतं. मला तिच्याकडून दुसरंच काही हवं होतं.

कोन्चिंगकडून मी तियो सिमोनचा तक्ता आणला होता. तो मी जेसाच्या मांडीवर ठेवला. रात्री दहा वाजता ११०/७०. बारा वाजता १०८/६८. दोन वाजता १०४/६६. चार वाजता ११७/७३.

"चार वाजता तू कुठे होतीस?"

सत्तावीस नंबरच्या खाटेपाशी, ती म्हणाली. तिथल्या माणसाचं हृदय बंद पडलं होतं. पावणेचार ते पावणेपाच ती त्याच्यापाशीच होती, छातीवर दाब देत आणि श्वास बघत. तो वाचला, गेल्या रविवारी घरीही गेला.

"मग तियो सिमोनला कुणी तपासलं?"

तिने आपल्या आद्याक्षरांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "आद्याक्षरं माझी आहेत, मॅम."

"मी आद्याक्षरं विचारली नाहीत."

"माझ्या आईला डेंगी झाला होता तेव्हा कुणीतरी माझ्या सहा रात्रपाळ्या केल्या," ती तक्त्याकडे बघत म्हणाली. "कधी बोलूनही दाखवलं नाही. तुम्हीच सांगा, अशा माणसाचं मी काय करू?"

पुढचं मी ओढून काढलं नाही. मुलाच्या तोंडून उत्तर निघत नसेल, तर थोडं थांबून पाटीकडेच बघावं. मी तक्त्याकडे पाहिलं. आणि चार वाजताच्या चौकोनात मला एका विद्यार्थ्याचा चेहरा दिसला.

४

निलो पुरुषांच्या वॉर्डातला सगळ्यांत जुना नर्स. वय चौतीस. नोकरीसाठी आयर्लंडला निघायच्या बेतात होता, वाट होती ती फक्त इथल्या चांगल्या सेवेच्या दाखल्याची. शकुन-अपशकुनात त्याचा हात धरणारा कुणी नाही. ड्यूटीवर कुणी विद्यार्थिनी "आज शांत आहे" म्हणाली, की तो तिला चूळ भरून यायला लावतो.

तो मला पार्किंगमध्ये भेटला, पाठीवर बॅग.

"काय रे निलो, दोन वाजताची ड्यूटी ना तुझी?"

त्याने सकाळीच रजा टाकली होती, मनिलाला कागदपत्रांसाठी. मी मान हलवली. मला ते विचारायचं नव्हतंच, उत्तर मी दुपारीच पाहिलं होतं. फळ्यावरच्या यादीत त्याचं नाव दोन वाजताच्या पाळीत होतं आणि तरी त्याने माझ्या हातून दोनदा पान्सित वाढून घेतलं होतं. निलोने, ज्याने भाताच्या केकाखेरीज कशाला शिवायला नको होतं. आपण आज वॉर्डात उभे राहणार नाही, हे दीड वाजताच ज्याला पक्कं ठाऊक होतं, असा चढणाऱ्यांतला तो एकटाच.

"रजेवर होतो म्हणून खाल्लं," तो म्हणाला. "खाणं हा काय गुन्हा आहे का, मॅम?"

"नाही. बाकीच्या खाणाऱ्यांचा हिशोब लागतो, तुझा लागत नाही, एवढंच. आता हे बघ."

मी तक्ता त्याच्यापुढे धरला. त्यातलं चूक काय, असं विचारलं, जसं वर्गात विचारायची तसं. तो बघत राहिला. मग त्याने पाठीवरची बॅग खाली ठेवली.

बीपीचं विजेवर चालणारं यंत्र वॉर्डात नाताळापासून बंद आहे. आहे ती जुनी तबकडी. तिच्यावर दर दोन अंकांनी एक रेघ असते. ११६ दिसतात, ११८ दिसतात. ११७ दिसूच शकत नाहीत. जेसाचे सगळे आकडे सम आहेत. चारचे दोन्ही विषम. म्हणजे ते तबकडीवर वाचलेलेच नव्हते. ते डोक्यातून आले होते, आणि खरे वाटावेत म्हणून मुद्दाम ओबडधोबड केलेले होते.

"दुसऱ्या वर्षाला असताना मी तुला याच चुकीसाठी वर्गाबाहेर काढलं होतं," मी म्हणाले. "१२०/८० लिहिलं तर मॅम पकडतात, म्हणून तू ११७ लिहायचास. आठवतं?"

निलो दोन गाड्यांच्या मधल्या कठड्यावर बसला.

त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. त्या पहाटे तो बदलीवर शेजारच्या बायकांच्या वॉर्डात होता. जेसा अडकली आहे हे त्याला दिसलं. पाच वाजता पाहणीची फेरी येणार आणि तिचे चारचे शेवटचे नऊ चौकोन अजून रिकामे. तो आला, खाटांवरून नजर फिरवली, सगळे झोपलेले दिसले. नऊही चौकोन त्याने भरले आणि खाली तिची आद्याक्षरं घातली. तिला बोलणी बसू नयेत म्हणून. तियो सिमोनही झोपलेला दिसला होता.

"नंतर प्रश्नावलीत मी सगळं लिहिलं, मॅम. कुठेतरी तरी लिहावं वाटलं. नाव नव्हतंच. मग कळलं, मूळ कागद चौकशीपुढे ठेवणार, आणि तिथे कोन्चिंग मॅम बसणार. माझं अक्षर त्या अंधारातही ओळखतील."

"मग तुझा एकच कागद काढायचास. अडतीस कशाला?"

त्याने बॅग उघडली. कागद सगळे होते, एकही फाटला नव्हता. घाईत निवडायला वेळ नव्हता, म्हणून सगळेच उचलले आणि जिन्याखाली बसून आपला शोधू लागला. पण सापडेपर्यंत वाचत जावं लागलं.

"अकरा जणांनी हेच लिहिलंय," तो म्हणाला. "दुसऱ्याचा चौकोन भरला. मी एकटा नाही हे बघून बरं वाटायला हवं होतं ना? मला पुढचा कागद उलटवेना."

त्याने कागद माझ्याकडे सरकवले. मी घेतले नाहीत.

मी त्याला सांगितलं की हे कागद मी नेऊन दिले तर जेसा अर्धी सुटेल. अडतीस जण चौकोन भरतात एवढंच त्यातून कळेल; चारचा चौकोन कुणी भरला ते नाही. ते सांगायला माणूस लागेल. मी कुणाला काही सांगणार नाही, शुक्रवारी दहापर्यंत मी वाट बघेन.

"आणि मी नाही आलो तर?"

"तर मी तक्ता घेऊन उभी राहीन. तुझ्याविरुद्ध. मला ते करायला लावू नकोस, पोरा."

त्याची मनिलाची बस संध्याकाळी पाच वाजता होती.

५

शुक्रवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना चौकशीच्या खोलीत टेबलाभोवती आम्ही पाच जण होतो. मुख्य डॉक्टर आर्सेगा, कोन्चिंग, रोवेना, जेसा आणि मी. भिंतीकडच्या बाकावर तियो सिमोनची मुलगी मेर्ली बसली होती. बाप रुग्णालयात होता तेवढे दिवस तीच रात्रंदिवस त्याच्या उशाशी असायची. निलोचा पत्ता नव्हता. मी तक्ता मांडीवर घेतला.

डॉक्टरांनी जेसाला विचारलं, हा आकडा तुझा का? जेसाने तोंड उघडलं आणि दार वाजलं.

निलो आत आला तेव्हा शर्ट चुरगळलेला होता. तो मनिलाला निघाला होता. अर्ध्या वाटेवर दाएतला उतरला, दोन रात्री बसथांब्यावर काढल्या आणि शुक्रवारी पहिल्या गाडीने परत आला. हे मला नंतर कळलं. तिथे तो फक्त कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवून म्हणाला, "चारचा चौकोन मी भरला. तिला माहीत होतं, ती माझ्यासाठी गप्प राहिली." मग रोवेनाकडे वळून म्हणाला, की तिने लोकांना दिलेलं वचन त्याने मोडलं, त्यांचे कागद वाचले.

डॉक्टर बराच वेळ ते कागद चाळत होते. तिसऱ्या-चौथ्या कागदानंतर त्यांनी चष्मा काढून ठेवला. एकीने लिहिलं होतं की ती उभ्याने झोपते. एकाने लिहिलं होतं की रोग्याचं नाव त्याला आता खाटेच्या नंबराशिवाय आठवत नाही.

मग मी उठले. दोष वाटून घ्यायचाच असेल तर माझाही वाटा लिहा, असं मी म्हणाले. या सगळ्यांना मी शिकवलं. रिकामा चौकोन म्हणजे लाज, असं शिकवलं. रिकामा चौकोन म्हणजे मदतीची हाक आहे, तो रिकामाच ठेवा आणि ओरडून सांगा की मी पोहोचले नाही, हे मी एकाही वर्गाला शिकवलं नाही. कोन्चिंग खाली मान घालून म्हणाली, त्या तक्त्यांवर सही माझी होती.

डॉक्टरांनी निर्णय तिथेच दिला. जेसाचं नाव मनिलाला जाणार नाही, सोमवारपासून ती कामावर. निलोचा दाखला वर्षभर रोखला. आयर्लंडची जागा तोवर थांबणार नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. रात्रीच्या पाळीला प्रत्येक वॉर्डात दोन नर्स ठेवण्याचा हुकूम निघेल. ते रोवेनाच्या कागदांवरून, माझ्या भाषणावरून नव्हे. मग डॉक्टर मेर्लीकडे वळून म्हणाले, तुम्हाला काही विचारायचं आहे का?

मेर्ली उभी राहिली. हातातल्या रुमालाची तिने दोनदा घडी घातली.

"म्हणजे चार वाजता माझ्या बाबांना कुणीच पाहिलं नाही?"

निलो तिच्याकडे वळला.

"मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "मी जागी होते. त्यांचे हात गार लागत होते. हाक मारावी वाटलं. पण ही त्या कोपऱ्यात त्या माणसाच्या छातीवर वाकलेली होती, घामाने नुसती भिजलेली. मला वाटलं, तिला आणखी कशाला त्रास द्यायचा. मी बाबांवर दुसरं पांघरूण घातलं." तिने रुमाल पुन्हा उलगडला. "बारा दिवस मी हे कुणाला सांगितलं नाही. तुम्ही सगळे तिला धरत होतात, आणि मी बघत होते."

मी काहीतरी बोलणार होते, की हा दोष तुझा नाही, तू लेक आहेस, नर्स नाहीस. पण जेसा माझ्याआधी उठली होती. ती मेर्लीपाशी जाऊन उभी राहिली.

"हाक मारली असतीस तरी मी आले नसते, मानाय," ती थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली. "मला येताच आलं नसतं."

मेर्ली तिच्याकडे बघत राहिली. मग ती खाली बसली आणि बाकावर थोडी सरकली. जेसा तिच्या शेजारी बसली.